खोडवा फुटणार का? यकृताचा कॅन्सर, ऑपरेशन आणि गाठीच्या कडेला दिसलेल्या पेशी

मामांच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. रात्री मामेभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. पॅथॉलॉजी रिपोर्टचं दुसरं पान, आणि एका ओळीभोवती बॉलपेननं काढलेला गोल. खाली लिहिलं होतं, "आक्का, गाठीच्या कडेला लिम्फोसाइट दिसतात म्हणे. गाठ तर काढली की. मग ह्या कसल्या पेशी? परत कायतरी सुरू झालंय का?"

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, एवढीच माझी पात्रता. पण आमच्या घराण्यात कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी माझ्या फोनवर येतो आणि मग डॉक्टरकडे जातो. रिपोर्ट वाचला. यकृताच्या उजव्या भागात चार सेंटिमीटरची एकच गाठ. कापलेल्या कडा स्वच्छ. बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सर शिरलेला नाही. बाकीच्या यकृतात सिरॉसिस, म्हणजे व्रण साठून यकृत कडक झालेलं. आणि मग ती ओळ.

भावाला कळवलं, "त्या पेशी कॅन्सरच्या नाहीत रे, मामांच्याच आहेत. रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. त्या तिथं दिसणं बहुधा बरंच आहे."

"बहुधा म्हंजे?" लगेच उलटा प्रश्न आला. त्या "बहुधा"चं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मावण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

काढलं म्हंजे गेलं की न्हाई?

हा प्रश्न मामांचा. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांची दोन एकर ऊसशेती आहे, त्यामुळे त्यांना समजावताना मला उदाहरण शोधावं लागलं नाही. ऊस तोडला म्हणजे रान मोकळं होतं का? बुडखा जमिनीत राहतो आणि पंधरा-वीस दिवसांत त्याला फुटवे येतात. तोच खोडवा.

यकृतात सुरू होणाऱ्या कॅन्सरपैकी जो सगळ्यांत जास्त आढळतो त्याला डॉक्टर एचसीसी म्हणतात, लांबलचक नाव हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा. (दुसरीकडचा कॅन्सर यकृतात पसरला तर ते प्रकरण वेगळं. इथे त्याबद्दल काही नाही.) गाठ आटोपशीर असेल आणि उरलेलं यकृत बऱ्यापैकी काम करत असेल, तर ती कापून काढणं हा चांगला उपाय. निरोगी यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी उरलेला वाढून काम सांभाळतो. अशी ताकद दुसऱ्या कुठल्या अवयवात नाही. सिरॉसिस झालेल्या यकृताला मात्र हे फारसं जमत नाही, म्हणून सर्जन तिथे बेतानं कापतात.

एवढं करूनही ऑपरेशननंतर ५ वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांत कॅन्सर पुन्हा दिसतो. आकडा वाचून घाबरायला होतं, पण त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढचं काही समजत नाही.

पहिल्या दोन वर्षांत जो परत येतो तो बहुतेक वेळा खोडवा असतो. ऑपरेशनच्या आधीच गाठीतून सुटलेल्या चार-दोन पेशी यकृताच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलेल्या असतात. स्कॅनवर त्या दिसत नाहीत, सर्जनच्या हाताला लागत नाहीत. दोन वर्षांनंतर जो येतो तो पुष्कळदा नवीच लागण असतो. जुन्या गाठीशी त्याचं नातं नसतं. रान तेच, बिघडलेलं, म्हणून त्यात नवं पीक उगवलं.

"लागण" शब्दाची इथे गंमत आहे. ऊसवाल्यांसाठी लागण म्हणजे लावणी, बाकीच्या मराठीत लागण म्हणजे रोग चिकटणं. मामांच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे ठरले. त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू निघाला. मोठ्या वयात हा विषाणू शिरला तर शंभरातल्या पाचांहून कमी लोकांत तो कायमचा मुक्काम करतो, बाकीचे त्याला हुसकून लावतात. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला मिळाला तर मात्र सुमारे ९० टक्के बाळांत तो ठाण मांडतो, कारण तान्ह्या शरीराला तो परका वाटत नाही. मामा एकसष्ट वर्षांचे आहेत. म्हणजे बहुधा साठ वर्षं तो विषाणू त्यांच्यात राहत होता, आणि पोटाच्या सोनोग्राफीत गाठ दिसेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

भांडण टाळणारा अवयव

रोगप्रतिकारक पेशी यकृतात कशा वागतात हे कळायला यकृताचा स्वभाव आधी कळला पाहिजे.

दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त यकृतातून जातं. त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश आतड्याकडून येतं. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपला की त्यातलं पचलेलं सगळं, शिवाय आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे, मसाल्यातली रसायनं, आधी यकृताच्या दारात. ही प्रत्येक परकी वस्तू शत्रू समजून यकृत भांडत बसलं असतं, तर कोल्हापुरात माणूस जगलाच नसता. म्हणून यकृत मुळातच सहनशील आहे. रॉय काल्न या इंग्लिश सर्जनच्या गटानं १९६९ साली डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका डुकराचं यकृत दुसऱ्यात बसवलं, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न देताही कित्येक डुकरांनी ते स्वीकारलं. मूत्रपिंडाला किंवा त्वचेला ही सवलत मिळत नाही.

पण यकृतात राखणदार नाहीत असं समजू नका. रक्ताच्या बारीक वाटांच्या भिंतींना चिकटून कुप्फर पेशी बसलेल्या असतात. कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर यांनी १८७६ साली त्यांचं वर्णन केलं. वाहत येणारे जिवाणू, मेलेल्या पेशी गिळणं हे त्यांचं काम. शिवाय नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी. रक्तातल्या लिम्फोसाइटमध्ये त्यांचं प्रमाण थोडं असतं, यकृतातल्या लिम्फोसाइटमध्ये मात्र तीस टक्के आणि कधी त्याहूनही जास्त. म्हणजे बंदोबस्त तगडा आहे, फक्त हुकूम "उगाच काठी उगारू नका" असा आहे. कॅन्सर नेमका याच सहनशीलतेचा फायदा घेतो.

मित्रकिडी

२००२च्या आसपास आपल्याकडच्या उसावर लोकरी मावा पडला होता ते वयस्कर शेतकऱ्यांना आठवत असेल. पानाखाली पांढरा कापूस पसरल्यासारखा, आणि वरून काळी बुरशी. तेव्हा कृषी खात्याची माणसं सांगत फिरत होती की लगेच फवारू नका, आधी पान उलटून बघा. डिफाच्या अळ्या दिसतात का, मायक्रोमस दिसतो का? या मित्रकिडी मावा खातात. त्या पुरेशा असतील तर रान सावरतं.

गाठीचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन पॅथॉलॉजिस्ट जे करतो ते याहून फार वेगळं नाही. पान उलटून बघायचं, कोण कोण आहे, किती आहे.

पहिली मित्रकिडी सीडी८ टी पेशी, लिम्फोसाइटचाच एक प्रकार. मारेकरी पेशी म्हणा. बिघडलेली पेशी ओळखली की ती तिला चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनानं तिच्या भिंतीला भोक पाडते आणि ग्रँझाइम नावाची विकरं आत सोडते. पुढच्या काही तासांत ती पेशी आपणहून मरते. एनके पेशीही हीच हत्यारं वापरतात, फक्त ओळख पटवण्याची त्यांची रीत वेगळी.

दुसरी बाजू नियामक टी पेशींची. त्यांना ट्रेग म्हणतात. मारेकरी पेशींना आवर घालणं हे त्यांचं काम, आणि निरोगी शरीरात हे काम फार मोलाचं आहे, नाहीतर शरीर स्वतःलाच खाईल. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या पेशी दाखवून दिल्या. मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी या पेशींचं सूत्र ज्याच्या हाती आहे ते फॉक्सपी३ जनुक शोधलं. तिघांना २०२५चं नोबेल मिळालं. गाठीत मात्र याच पेशी कॅन्सरच्या उपयोगी पडतात. गाठ रासायनिक हाका मारून त्यांना बोलावून घेते.

आणि मग मुंग्या. मावा ज्या पानावर असतो तिथे मुंग्या हमखास असतात. माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो, त्या बदल्यात त्या माव्याला खाणाऱ्या किड्यांना पळवून लावतात. गाठीतल्या कितीतरी भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, अशाच फितूर होतात. खायला आलेल्या, पण गाठीच्या संगतीत राहून तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवायला मदत करणाऱ्या आणि मारेकरी पेशींना थोपवणाऱ्या. अशा मॅक्रोफेजची गर्दी असलेल्या रुग्णांचं ऑपरेशननंतरचं चित्र साधारणपणे वाईट दिसतं.

म्हणजे "पेशी दिसतात" एवढ्यानं भागत नाही. कुठल्या दिसतात, हे महत्त्वाचं. शांघायच्या संशोधकांनी २००७ साली ऑपरेशन झालेल्या ३०२ रुग्णांच्या गाठी रंगवून त्यांतल्या पेशी मोजल्या. ज्यांच्या गाठीत ट्रेग कमी आणि कामावर असलेल्या, ग्रँझाइम बाळगणाऱ्या मारेकरी पेशी जास्त होत्या, त्यांच्यातले सुमारे ६४ टक्के ५ वर्षांनंतर हयात होते. उलट जमाव असलेल्यांतले सुमारे २४ टक्के. दोन्ही गटांवर शस्त्रक्रिया एकच, रोग एकच. फरक पेशींच्या जमाखर्चात.

मला हा अभ्यास आवडतो तो "कामावर असलेल्या" या शब्दांमुळे. नुसती हजेरी मोजली नाही, हातात हत्यार आहे का तेही पाहिलं. हजेरीपटावर नाव आणि वर्गात झोप, हे सत्तावीस वर्षं पाहिलेल्या बाईला ते पटकन भिडतं.

बांधावर की रानात?

पुन्हा मामेभावाच्या ओळीकडे येते. "गाठीच्या कडेला". पेशी कुठे उभ्या आहेत यावर बरंच अवलंबून आहे.

काही गाठींत मारेकरी पेशी आतपर्यंत पसरलेल्या असतात, जशा मित्रकिडी रानभर पसराव्यात. काही गाठींत त्या फक्त कडेला साचतात, बांधावर थबकलेल्या. आत जायची वाट गाठीनं अडवलेली असते, कधी तंतूंच्या भिंतीनं, कधी रसायनांनी. आणि काही गाठींत त्या जवळपास नसतातच. बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झालेल्या गाठी बऱ्याचदा अशा ओसाड असतात, आणि यकृताच्या कॅन्सरमध्ये हा बिघाड साधारण तिनातल्या एका गाठीत सापडतो. आत पसरलेलं चित्र सगळ्यांत चांगलं, ओसाड सगळ्यांत वाईट, कडेचं मधलं. भावाला "बहुधा" म्हणाले ते याच्यामुळे.

जागेचं महत्त्व याहून खोल आहे. कधी कधी लिम्फोसाइट एकत्र जमून छोटी वसाहतच करतात, लसिका ग्रंथीची लहान आवृत्ती, त्यात बी पेशी, टी पेशी, सगळी व्यवस्था. अशी वसाहत गाठीच्या आत सापडली तर ऑपरेशननंतर लवकर परतणाऱ्या कॅन्सरचा धोका कमी दिसतो. हीच वसाहत गाठीबाहेरच्या, सुजलेल्या यकृतात सापडली तर? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती वाईट लक्षण ठरली. तिच्या आडोशाला पुढच्या कॅन्सरची बीजं वाढतात असं त्यात दिसलं.

वाचताना विरोधाभास वाटतो, पण जरा थांबून पाहा. सिरॉसिस मुळात होतो कसा? हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशींना थेट फारसं मारत नाही. विषाणू शिरलेल्या पेशी मारतात त्या आपल्याच मारेकरी पेशी. वर्षानुवर्षं मारायचं, यकृतानं नव्या पेशी घडवायच्या, पुन्हा मारायचं. या रगाड्यात व्रण साठतात आणि घाईघाईनं होणाऱ्या प्रत्येक विभाजनात जनुकांच्या चुकाही साठतात. गाठीत ज्यांनी यावं म्हणून आपण देव पाण्यात ठेवतो, त्यांनीच बाकीचं रान बिघडवलेलं असतं. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. ज्यांच्या यकृताला चरबीमुळे सूज येते त्यांच्याबाबतही २०२१ साली उंदरांवरच्या संशोधनातून असंच पुढे आलं, की तिथल्या सीडी८ पेशी राखण सोडून नासधूसच वाढवतात.

दम निघालेला पैलवान

कामावर असूनही न लढणाऱ्या पेशी हा आणखी एक प्रकार. खासबागेत तासभर निकाली न झालेली कुस्ती पाहिली असेल त्यांना सांगायला नको. पैलवान उभा असतो, पकड असते, पण डाव टाकायचं त्राण नसतं. वर्षानुवर्षं तोच शत्रू समोर असला की टी पेशींचं असं होतं. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा लगाम दिसू लागतो. जपानच्याच तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत तो १९९२ साली सापडला, आणि २०१८चं नोबेल त्यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासोबत मिळालं. गाठीच्या पेशी हा लगाम ओढायला शिकतात.

लगाम सोडवणारी औषधं आता आपल्याकडेही मिळतात. ज्यांचं ऑपरेशन शक्य नाही अशा रुग्णांसाठी अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी २०२०च्या मोठ्या चाचणीत जुन्या सोराफेनिबच्या गोळीपेक्षा सरस ठरली. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण ६७ टक्के विरुद्ध ५५ टक्के.

साहजिकच पुढचा विचार आला. ऑपरेशननंतर लगेच हीच औषधं दिली, तर सुटलेल्या पेशी खोडवा फुटायच्या आत मारल्या जातील. ६६८ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२३ साली पहिले निकाल आशादायक आले. कॅन्सर परत येणं लांबलं होतं. नंतर त्याच रुग्णांवर आणखी काही काळ लक्ष ठेवलं, तेव्हा तो फायदा टिकला नाही. मामेभावाला इंटरनेटवर फक्त पहिली बातमी सापडली होती. "आक्का, हे इंजेक्शन का देत न्हाईत आपल्याला? पैशाचं बघू की कायतरी." दुसरी बातमी त्याला मीच दाखवली. पुढे काही पुसलंदेखील नाही, "बरं" एवढंच म्हणाला. पण त्या पोराच्या डोक्यातनं एक म्हैस विकायचा विचार तरी गेला.

दक्षिण कोरियात वेगळा मार्ग चाचपला. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवून तरबेज करायच्या आणि परत सोडायच्या. डिफाच्या अळ्या शेडनेटमध्ये वाढवून रानात सोडायचो तसंच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या २३० जणांच्या चाचणीत उपचार घेतलेल्या गटात कॅन्सर न परतता गेलेला मध्यम काळ ४४ महिने होता, न घेतलेल्यांत ३० महिने. इतरत्र मात्र हा अजून नेहमीच्या उपचारांत आलेला नाही.

राजाराम बंधाऱ्याचा आकडा

मामांना काचपट्टीवरच्या पेशी दिसत नाहीत, पण सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद दर महिन्याला हातात येतो. त्यातूनही काही कळतं का? कळतं, थोडंसं.

सीबीसीत पांढऱ्या पेशींची फोड असते. न्यूट्रोफिल किती टक्के, लिम्फोसाइट किती टक्के. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. ऑपरेशनआधी मामांचे ७२ आणि १८ होते, म्हणजे गुणोत्तर ४. न्यूट्रोफिल हे सूज आली की सर्वांत आधी धावणारे. काही गाठी हाडांच्या मज्जेला निरोप धाडून त्यांची पैदास वाढवतात, आणि तिथे आलेले न्यूट्रोफिल रक्तवाहिन्या वाढवायला, मारेकऱ्यांना दाबायला मदत करतात. लिम्फोसाइट कमी म्हणजे शिकारी कमी. त्यामुळे ऑपरेशनआधी हे गुणोत्तर जास्त असलेल्यांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. २०१४ साली चीनमधल्या संशोधकांनी त्यात प्लेटलेटचा आकडाही गुणला आणि नवा निर्देशांक मांडला, तोही यकृताच्याच कॅन्सरच्या ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर.

पण हा आकडा कसा वाचायचा? जुलैत सगळं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वाचतं तसा. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. पातळी ३९ झाली म्हणून तुमच्या घरात पाणी शिरलं असं होत नाही. कुठलं घर, कुठल्या गल्लीत, धरणाचे दरवाजे उघडतात का, यावर ते ठरतं. शिवाय पंचगंगेला निदान ठरलेली खूण तरी आहे. या गुणोत्तराला तीही नाही. कुणी २ धरतं, कुणी ३, कुणी ५.

त्यातून दाढ सुजली, लघवीला जळजळलं, दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, की न्यूट्रोफिल वाढतात. ऑपरेशननंतर काही दिवस ते चढलेले असतातच. सिरॉसिसमध्ये पाणथरी (प्लीहा) मोठी होते आणि ती प्लेटलेट अडवून ठेवते, म्हणजे प्लेटलेटवर आधारलेला निर्देशांक उगाच "चांगला" दिसू शकतो. मामांच्या त्या ४च्या वेळी त्यांच्या पायाला चिघळलेली जखम होती. ऑपरेशननंतर अडीच महिन्यांनी गुणोत्तर २.१ आलं. त्यात कॅन्सरचा वाटा किती आणि जखमेचा किती, कुणीच सांगू शकणार नाही.

अभ्यासातल्या ६४ आणि २४ टक्क्यांनाही हेच लागू. तो शंभर माणसांचा हिशेब आहे. त्यात मामा चौसष्टातले की छत्तिसातले, हे काचपट्टी सांगत नाही. शिवाय यातले बहुतेक अभ्यास मागच्या नोंदी उकलून केलेले, पूर्व आशियातले, बहुतांश हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णांवरचे. दारूमुळे किंवा चरबीमुळे यकृत बिघडलेल्या माणसाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. म्हणूनच पेशींची ही मोजदाद नेहमीच्या रिपोर्टमध्ये नसते आणि उपचार ठरवताना डॉक्टर अजूनही आधी जुन्याच गोष्टी बघतात. गाठी किती, केवढ्या, रक्तवाहिनीत शिरल्या का, एएफपीचा (या कॅन्सरमध्ये रक्तात बऱ्याचदा वाढणाऱ्या प्रथिनाचा) आकडा किती, उरलेलं यकृत कसं. लिम्फोसाइटची ओळ ही त्यांच्या जोडीला आलेली माहिती आहे.

मग प्रतिकारशक्ती वाढवू या की!

हे कुणी ना कुणी म्हणतंच. मामांकडे भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन यायचा. गुळवेलीचा काढा, कसला अर्क, कोकणातून मागवलेला काविळीचा पाला, परगावच्या मुलानं धाडलेली "इम्युनिटी"ची पावडर.

आत्तापर्यंत वाचलं असेल तर ध्यानात आलं असेल, की "वाढवू" म्हणताना नेमकं काय वाढवायचं हाच प्रश्न आहे. ट्रेग? फितूर मॅक्रोफेज? गाठीबाहेरच्या यकृतातली सूज? अख्ख्या रानात युरिया टाकला की ऊस वाढतो तसं तणही वाढतं. आणि सिरॉसिसच्या यकृताला नव्या रसायनाचा भार सोसत नाही. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद ज्याचं यकृत धडधाकट आहे त्यानं खुशाल घालावा. अर्धं यकृत काढलेल्या माणसानं डॉक्टरांना न विचारता कुठलाच काढा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यावरून घरात माझं दोन मावश्यांशी वाजलंय.

प्रतिकारक पेशींसाठी खरोखर करता येण्याजोगं जे आहे ते फारच साधं आहे, म्हणूनच कुणी भेट म्हणून आणत नाही. विषाणू दाबणारी गोळी, टेनोफोविर किंवा एन्टेकाविर, रोज आणि न चुकता. तिनं हिपॅटायटिस बी शांत राहतो, मारेकरी पेशींना यकृत कुरतडायचं कारण उरत नाही, आणि ऑपरेशननंतर कॅन्सर परतण्याचं प्रमाण कमी होतं. हिपॅटायटिस सी असेल तर तो आता गोळ्यांनी बराच करता येतो. दारू पूर्ण बंद. साखर आणि वजन ताब्यात. शेंगांना बुरशी आली असेल तर निवडत बसू नका, टाका. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतातल्या पी५३ या राखणदार जनुकाची मोडतोड करतं आणि भाजल्यानं ते पुरतं जात नाही. घरातल्या सगळ्यांची हिपॅटायटिस बीची तपासणी, आणि ज्यांना नाही त्यांना लस. आमच्या घरी मामेभावाची तपासणी ठीक आली, त्याच्या धाकट्या बहिणीच्या रक्तात विषाणू निघाला. तिला अजून काहीच त्रास नाही, यकृत ठणठणीत आहे. पण आता ती दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेते.

आणि तारखा पाळणं. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी, त्यानंतर सहा महिन्यांनी. खोडवा फुटायचा असेल तर तो बहुधा या दोन वर्षांत, आणि लहान असतानाच दिसला तर पुन्हा ऑपरेशन, सुईनं जाळणं किंवा यकृत प्रत्यारोपण यांचा विचार करता येतो.

मामांचे दोन स्कॅन झाले. दोन्ही स्वच्छ. गेल्या रविवारी गेले तेव्हा सोप्यातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, ७२/१८, आणि खाली ६१/२९. भागाकार त्यांनी स्वतः केला होता. मला म्हणाले, "आकडा उतरलाय बघ पोरी. पर म्या काय लगेच गावभर सांगत न्हाई. पाणी उतारलं तरी आठ दिस भांडी माळ्यावरच ठेवतोय आम्ही."

मग त्यांनी विचारलं की काढलेली गाठ आता कुठे असेल. मी सांगितलं, मेणाच्या ठोकळ्यात, पॅथॉलॉजीच्या कपाटात, वर नंबर घातलेली. पुढेमागे पेशी मोजायची नवी रीत आली तर त्याच ठोकळ्यातून काप घेता येतो. त्यांनी मुलाला हाक मारली आणि तो नंबर कॅलेंडरवर लिहून घ्यायला सांगितला.